आत व्हायचंय

‘तोंडानं झालंय. आत व्हायचंय.’

हे वाक्य अक्का इतक्या सहज म्हणायची, की नवख्या माणसाला वाटावं, ही तव्यावरच्या भाकरीबद्दल बोलतेय. मलाही पहिल्यांदा तसंच वाटलं होतं. मी चुलीकडे वाकून पाहिलं, तर तवा उतरवून ठेवलेला होता आणि चूल विझलेली होती. आमच्या चर्चचे पाळकसाहेब दारात उभे राहून तिला विचारत होते, ‘मग अक्का, या खेपेला प्रभुभोजन घेणार ना?’ आणि त्याला हे उत्तर होतं.

तीस साली सोलापुरात मार्शल लॉ लागला, त्याच्या दोन-तीन वर्षं आधीची ही गोष्ट. मी नगरहून शिकून सोलापूरला मिशनच्या मुलींच्या शाळेत शिक्षिका म्हणून आले होते. वय एकोणीस, अंगावर नवीन पातळ आणि डोक्यात जगाला सुधारायचं वारं. शाळेला लागूनच मुलींचं बोर्डिंग होतं आणि अक्का तिथली स्वयंपाकीण. पन्नाशीची असावी. उंच, हाडापेराने मोठी, नाकाच्या शेंड्यावर चष्मा. तिचं खरं नाव हजेरीच्या वहीत होतं, पण त्या नावानं तिला कुणी हाक मारल्याचं मला आठवत नाही. मुली, मडमसाहेब, भाजीवाला, समोरच्या हातमागावर बसणारे तेलुगू विणकर, सगळ्यांची ती अक्काच. मला ती ‘पोरी’ म्हणायची. शाळेत बाकी सगळे मला ‘बाई’ म्हणत आणि त्या मानानं मी ताठून चालत असे. स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडला की मात्र ‘पोरी, जरा ते मीठ दे’ असं ऐकू यायचं आणि माझं बाईपण तिथंच गळून पडायचं.

आमच्या मंडळीत दर तीन महिन्यांनी प्रभुभोजन असे. येशूच्या शेवटच्या भोजनाची आठवण म्हणून सगळ्यांनी पोळीचा तुकडा आणि द्राक्षरस घ्यायचा. त्याच्या आदल्या शनिवारी तयारीची सभा व्हायची. ज्याचं ज्याच्याशी बिनसलं असेल त्यानं तिथं ते मिटवायचं आणि मगच रविवारी भोजनाला बसायचं, असा रिवाज. तुम्ही ती सभा पाहायला हवी होती. आमच्यात दोन बायका होत्या, शेजारी-शेजारी राहणाऱ्या. पाट्यावरवंट्यावरून त्यांचं भांडण. दर तिमाहीला शनिवारी चार वाजता त्या गळ्यात गळा घालून रडत, रविवारी एका बाकावर बसून भोजन घेत आणि मंगळवारपर्यंत पाटावरवंटा पुन्हा अंगणात येई. पाळकसाहेबांनाही ते ठाऊक होतं. तेही बिचारे काय करणार, रडणं खरं दिसत होतं.

अक्का त्या सभेत कोपऱ्यात बसायची. सभा संपली की पाळकसाहेब तिला आकडा सांगत, उद्या किती जणं घेणार. मग ती घरी येऊन भोजनाची पोळी करायची. गव्हाची, बिनमिठाची, जाड. ती निवली की स्वच्छ फडक्यावर ठेवून सुरीनं तिचे तुकडे करायची, ओठ हलवत, एकेक नाव घेत. पाळकसाहेब सांगत आकडा, ती कापायची माणसं. रविवारी ताटली साऱ्या बाकांवरून फिरायची आणि रिकामी परत यायची. एक तुकडा कमी नाही की जास्त नाही.

स्वतःचा तुकडा तिनं कधी कापला नाही. मेजावरची चादर धुऊन खळ देणं तिचं, मनुका उकळून रस काढणं तिचं, पोळी तिची. आणि भोजनाच्या वेळी ती शेवटच्या बाकावर, भिंतीला टेकून. प्रभूची प्रार्थना ती मोठ्यानं म्हणायची, आवाज खणखणीत होता तिचा. पण आमच्या अपराध्यांना आम्ही क्षमा केली आहे, ही ओळ आली की तो आवाज बंद व्हायचा आणि पुढच्या ओळीला पुन्हा सुरू व्हायचा. एखाद्या रहाटाला एकच गाडगं गळकं असावं तसं ते वाटायचं. बोर्डिंगमधल्या मुली त्यावर हसत. मी त्यांना रागवायचे आणि खोलीत जाऊन मीही हसायचे.

कारण कळलं तेव्हा हसू गेलं.

अक्काला छापील अक्षर वाचता यायचं, लिहिता येत नव्हतं. माहेरच्या गावी, अक्कलकोटच्या पलीकडे, तिची एक आतेबहीण होती. तिला वर्षातून तीन-चार पत्रं जायची आणि ती लिहायचं काम माझ्याकडे आलं. पत्रात सगळ्यांची चौकशी असे. म्हशीची सुद्धा. शेवटी ठरलेली एक ओळ : ‘आपल्या बांधावरची चिंच हाय का, आणि आवंदा लागली का?’ भावाचं नाव मात्र कधी नाही. एकदा मी विचारलं, ‘अक्का, तुला भाऊ नाही?’

‘हाय की,’ ती म्हणाली आणि तांदूळ निवडत राहिली. मग पुढचं सांगू लागली.

नवरा मिशनच्या दवाखान्यात दुखण्यातून उठला आणि दोघांनी बाप्तिस्मा घेतला. माहेरच्यांनी नाव टाकलं. पुढं नवरा वारला, ती बोर्डिंगमध्ये लागली. मग एकदा आतेबहिणीचा निरोप आला, आई शेवटच्या दिवसांत आहे, तुझं नाव घेते. अक्का गेली. धाकट्या भावानं तिला दारातच पाहिलं आणि आतून कडी लावली.

‘दोन दिस कट्ट्यावर बसले, पोरी. आई आतून हाक मारत हुती. मला समदं ऐकू येत हुतं. मी ओ देत हुते. पन ती बहिरी झाल्याली. तिला वाटलं आसंल, मी आलेच न्हाय.’

तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. तांदळातला एक खडा तिनं चिमटीत धरला होता आणि तो टाकायचा ती विसरली होती.

‘म्हनून म्हनते, तोंडानं झालंय. दर सभेला तोंडानं करते मी. पाळकसायेब म्हनतात, तोंडानं केलं की आत हुतं. त्यांचं हुत आसंल. माझं न्हाय झालं. देवाच्या मेजावर लबाडी करू का?’

आता माझी गोष्ट सांगायला हवी आणि ती सांगताना अजून कान गरम होतात. त्या वर्षी ईस्टरच्या आधी पाळकसाहेबांनी क्षमेवर उपदेश केला. चांगला केला. मी वीस वर्षांची आणि उपदेशानं पेटलेली. मनात म्हटलं, या दोघांच्यात कुणीतरी पहिलं पाऊल टाकायला हवं, अक्काच्या हातून ते होत नाही, तर आपण टाकावं. पत्ता मला माहीत होता. मी भावाला पत्र लिहिलं. ‘तुमच्या बहिणीनं तुम्हाला मनापासून क्षमा केली आहे. ती तुमची वाट पाहत आहे.’ खाली अक्काचं नाव. पेटीत पत्र टाकून परत येताना मला इतकं पुण्यवान वाटत होतं, की रस्त्यात भेटलेल्या कुत्र्याकडेही मी मायेनं पाहिलं.

भाऊ आला तो एप्रिलमधल्या भर दुपारी. सोलापूरचं ऊन, मुली पडवीत ओली फडकी डोक्यावर घेऊन पडलेल्या. मी वर्गाच्या खिडकीतून पाहिलं, स्वयंपाकघराच्या मागच्या दाराशी एक पागोट्यातला माणूस उभा होता. हातात धोतराच्या फडक्याचं गाठोडं. उंची, हाडपेर अगदी अक्काचं.

‘अक्का,’ त्यानं हाक मारली, ‘दार उघड की.’

तेव्हा मला कळलं, सारं सोलापूर तिला ज्या नावानं हाक मारायचं, ते मूळचं कुणाचं होतं.

‘कशाला आलास?’ आतून आवाज आला.

‘तू बोलावलंस म्हनून.’

‘मी न्हाय बोलावलं.’

आणि कडी पडली. ती मला खिडकीपर्यंत ऐकू आली.

तो गेला नाही. पायरीवर बसला. थोड्या वेळानं मी पाण्याचा तांब्या घेऊन गेले. त्यानं माझ्याकडे पाहिलं, तांब्याकडे पाहिलं आणि म्हणाला, ‘तहान न्हाय, बाई.’ ओठ तर सुकून पांढरे पडले होते. तो आमच्या हातचं पिणार नव्हता, आणि तरी तो तिथं आला होता. या दोन गोष्टी एकाच माणसात कशा बसतात, हे त्या वयात मला उमगेना. मी दार वाजवलं, विनवलं. आतून काही नाही. गिरणीचा भोंगा झाला, रस्त्यावर कामगारांची गर्दी वाहू लागली, तेव्हा तो उठला. गाठोडं पायरीवर ठेवलं आणि गर्दीत मिसळून गेला.

गाठोड्यात चिंचा होत्या. बांधावरच्या.

अक्कानं दार उघडलं तेव्हा तिचा चेहरा मला ओळखू येईना. तिनं एवढंच विचारलं, ‘कुनी लिवलं?’

‘मी.’

‘माझ्याजवळ जे न्हवतं, ते तुमी माझ्या नावानं देऊन टाकलं, बाई.’

बाई म्हणाली ती मला. तुमी म्हणाली. तुम्हाला सांगते, तिनं मला लाटणं फेकून मारलं असतं तर बरं वाटलं असतं.

त्यानंतर ती माझ्याशी वाईट वागली, असं नाही. ताटात भाकरी वेळेवर पडायची, गरम पडायची. पण ‘बाई, मीठ हवं का?’ आणि ‘बाई, ताक घ्या.’ पुढच्या शनिवारच्या सभेत मी सगळ्यांसमोर उठून तिची माफी मागितली. साऱ्या माना तिच्याकडे वळल्या. तिनं चष्मा काढला, पदरानं पुसला आणि शांतपणे म्हणाली, ‘तोंडानं झालंय, बाई. आत व्हायचंय.’

पाटावरवंट्यावाल्या दोघी त्या दिवशी रडायच्या विसरल्या.

त्या रविवारी आणि त्याच्या पुढच्या खेपेला मीही भोजन घेतलं नाही. जिच्या मनात माझ्याविरुद्ध काही आहे ती मागं बसलेली असताना मी पुढं जाऊन हात कसा पसरायचा? शेवटच्या बाकावर भिंतीच्या बाजूला ती आणि दुसऱ्या टोकाला मी. मध्ये चार माणसं बसतील एवढी जागा. ताटली आमच्यापर्यंत यायची तेव्हा रिकामीच असायची. तिनं माझाही तुकडा कापलेला नसायचा. त्यात राग नव्हता, तिचा हिशोब खरा होता, एवढंच.

चिंचा तिनं वाळवल्या, चिंचोके काढले, मीठ लावून बरणीत भरल्या आणि बरणी फळीवर सगळ्यात वर ठेवून दिली. आमटीला चिंच बाजारातून येत राहिली.

पावसाळा संपता संपता एके दुपारी मी स्वयंपाकघरात ताट ठेवायला गेले. ती डाळ निवडत होती. मी निघाले तशी म्हणाली, ‘बाई, बसा वाईच.’ मी पाटावर बसले. ती माझ्याकडे बघत नव्हती.

‘त्या दिशी तो भाईर बसला हुता न्हवं, तवा मी दोनदा उठले कडी काडायला. कडीला हात लावला आनि माघारी आले. लाज वाटत हुती. इतका वकत त्याला उनात बसवलाय, आता उघडलं तर कुटल्या तोंडानं उघडू? जितका येळ गेला तितकी कडी जड व्हायला लागली.’ तिनं सूप खाली ठेवलं. ‘मला इतकी वर्सं वाटत हुतं, तो आत मजेत बसला आसंल. त्यालाबी आसंच झालं आसंल का हो?’

मी ते सूप माझ्या पुढ्यात ओढलं आणि उरलेली डाळ निवडू लागले.

आठवड्याभरात आमटीची चव बदलली. मुली म्हणाल्या, आज लई आंबट झालीय. फळीवरची बरणी खाली आली होती. मी वाट पाहू लागले. रोज वाटायचं, आज ती ‘पोरी’ म्हणेल. ‘बाई, ताक घ्या,’ ती म्हणायची आणि मी ताक घ्यायचे.

पुढच्या प्रभुभोजनाच्या आदल्या शनिवारी भावाचा मुलगा आला. चांगला पंचविशीतला गडी, मिशा असलेला, आणि दारात उभा राहून लहान मुलासारखा रडत होता. बाप वीस दिवस विषमज्वरानं पडलाय, भ्रमात अक्का अक्का करतो, म्हणाला. अक्कानं त्याला आत घेऊन जेवू घातलं. संध्याकाळी सभेला जाऊन आकडा आणला, पोळी केली, निववून कापली, ताटली फडक्यानं झाकून पाळकसाहेबांकडे पोचती केली. रविवारी पहाटेच्या गाडीनं ती भाच्याबरोबर गेली. मी जागी होते. तिनं माझ्या खोलीवरून जाताना पाऊल जरा हळू टाकलं, असं मला वाटलं. दार उघडून बाहेर यायचं मला धैर्य झालं नाही. पाहा, कडी जड होते म्हणजे काय, हे मलाही त्या दिवशी कळलं.

उपासनेला शेवटच्या बाकावर मी एकटीच होते. ताटली बाकांवरून फिरत फिरत आली. मंडळीतले एक म्हातारे पंच ती धरून होते. मी सवयीनं मान खाली घातली. ते पुढं जाईनात. मी वर पाहिलं.

‘बाई, दोन उरलेत,’ ते दबक्या आवाजात म्हणाले. ‘सगळ्यांनी घेतलं. म्हातारीची मोजणी चुकली म्हणायची, घाईत होती.’

तिची मोजणी चुकली नव्हती. मी त्या दोन तुकड्यांकडे पाहत राहिले. फडक्यावर ते कापताना तिचे ओठ हललेले मला दिसले. एक नाव माझं होतं. दुसरं तिचं स्वतःचं, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, आणि तेही आपण इथं नसणार हे ठाऊक असताना.

मी एक तुकडा उचलला. तो तोंडात घातला. पंच थांबून राहिले होते.

दुसरा तुकडा ताटलीत तसाच मेजावर गेला.

मी तिच्या येण्याची तयारी केली होती. चुलीजवळची तिची फळी पुसून ठेवली होती, आतेबहिणीला लिहायला कागद आणून ठेवला होता. ती आली की आधी काय बोलायचं, ते मी रोज नव्यानं ठरवायचे. दीड महिन्यानं भाचा आला, एकटा. हातात तिचं पवित्र शास्त्र आणि चष्मा.

भाऊ वाचला होता. तिनं रात्रंदिवस त्याचं केलं. पहिले दोन दिवस तो शुद्धीत नव्हता, म्हणून तिच्या हातचं पाणी प्याला. तिसऱ्या दिवशी शुद्धीवर आला, तिला ओळखलं आणि तरी तांब्या तिच्याच हातातून घेतला. तो उठून बसू लागला तेव्हा त्याच तापानं ती पडली, ती उठली नाही. मूठमाती द्यायची, एवढं तिनं सांगून ठेवलं होतं. गावात आमच्या लोकांना पुरायला जागा नाही. भावानं आपल्या शेतात जागा दिली, बांधावर, चिंचेखाली.

‘हे पुस्तक आनि चष्मा त्या पोरीला दे, म्हनली,’ भाचा म्हणाला. ‘मी इचारलं, कुटल्या पोरीला? तर म्हनली, पत्रं लिवती ती.’

मी दोन्ही वस्तू पदरात घेतल्या आणि स्वयंपाकघरात जाऊन दार लावून घेतलं.

तिच्या भावाचा मला फार दिवस राग होता, हे कबूल करते. तो जगला आणि ती गेली, याचा राग. त्यात त्याचा काय दोष, हे तोंडानं मी शंभरदा म्हटलं. दर उन्हाळ्यात तो मुलाच्या हाती चिंचा पाठवायचा, दरवेळी धोतराच्या फडक्यात बांधून. पहिल्या वर्षी मी त्या विणकरांच्या बायकांना वाटून टाकल्या. दुसऱ्या वर्षीही. त्या दोन्ही वर्षी मी पुन्हा शेवटच्या बाकावर होते. तिसऱ्या वर्षी एके दिवशी आमटीला चिंच नव्हती, गाठोडं समोर होतं, मी एक बुटूक काढून पाण्यात भिजत घातलं आणि ते पिळताना माझ्या लक्षात आलं, की आपण हे त्याच्या घरची चिंच म्हणून करतोय आणि मनात काही टोचत नाही. कधी झालं, ते सांगता येणार नाही. मी मागच्या दाराशी जाऊन उभी राहिले. तिला सांगावंसं वाटलं, तिलाच. दुसऱ्या कुणाला सांगून उपयोग नव्हता.

भोजनाची पोळी आता मी करते. माझे काठ तिच्यासारखे सारखे येत नाहीत. तिचा चष्मा मला लागू पडतो, हे वयाचं देणं. शनिवारी पाळक आकडा सांगतात, मी नावं घेत घेत तुकडे करते आणि शेवटी तिचं एक नाव जास्त घेते. रविवारी ताटली फिरून परत येते तेव्हा तिच्यात एक तुकडा असतो.

नवे पाळक तरुण आहेत, काटेकोर. मागच्या खेपेला त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, ‘बाई, दरवेळी तुमचा एक जास्त होतो. मी आकडा नीट सांगतो ना?’

‘नीट सांगता,’ मी म्हटलं. ‘पण एक जण अजून यायचंय.’